आत कुणी नसताना

वजनकाट्याच्या लोखंडी पत्र्यावर गाडी चढली तेव्हा चाकांखाली घुमल्यासारखा आवाज झाला. नुसत्या गाडीचं वजन आधी झालं होतं, आता मागे आमचा राहायचा ट्रेलर जोडून दोघांचं एकत्र करायचं होतं. आजूबाजूला मालाचे ट्रक, डिझेलचा वास, मागे एक जण इंजिन चालू ठेवून आमच्या उरकण्याची वाट बघत थांबलेला. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून मान बाहेर काढली आणि विचारलं, "ट्रेलरमध्ये कुणी बसलंय का?" मी म्हटलं, "नाही, आत कुणी नाही." त्याने मान आत घेतली, यंत्रातून पावती निघाली, नवऱ्याने ती माझ्या हातात दिली. कागद अजून कोमट होता. आकडा मर्यादेत होता, म्हणजे आनंदाचीच गोष्ट. पण परत येताना मला त्या आकड्याचं काही सुचत नव्हतं. आत कुणी नाही, हे मी किती सहज बोलून गेले होते! आत आमचे पलंग होते, पांघरुणं होती, कपाटात कप ओळीने लावलेले होते, खिडक्यांना मी स्वतः शिवलेले पडदे होते.

त्या माणसाने विचारलं ते त्याच्या कामाचंच होतं. ओढून न्यायच्या ट्रेलरमध्ये चालत्या प्रवासात कुणी बसायचं नाही, असा पुष्कळ ठिकाणी नियम आहे, आणि जिथे नसेल तिथेही बसू नये. आत पट्टे नसतात. भिंती म्हणजे हलका सांगाडा, मध्ये फोम आणि बाहेरून अॅल्युमिनियमचा नाहीतर फायबरग्लासचा पत्रा. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. त्या दिवशी मात्र त्याच्या पुढचं लक्षात आलं. हे घर जेवढे किलोमीटर कापणार आहे तेवढे सगळे रिकामं कापणार आहे. आपण त्यात जाणार ते थांबल्यावर. घाट, पूल, बाजूने येणारा वारा, रस्त्यावरचे खड्डे हे सगळं ते एकटं सोसणार, आणि आपण पुढे बसून आरशात त्याची एक कड बघत राहणार. मोठ्या प्रवासाची तयारी म्हणून आम्ही जे जे करतोय, त्यातलं बहुतेक सगळं या रिकाम्या तासांसाठी आहे.

लहानपणी सुट्टीला निघायच्या आधी आई घरभर एक फेरी मारायची. गॅस, नळ, खिडक्यांच्या कड्या, मागचं दार. आम्ही बाहेर बॅगांपाशी उभे, आणि आतून तिच्या चपलांचा आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना ऐकू यायचा. कुलूप लागलं की मला एक विचार हमखास यायचा, की आता आपण नसताना हे घर काय करत असेल? भिंतीवरचं घड्याळ कुणासाठी चालत असेल? परत आल्यावर दार उघडताच जो कोंदट, थंड वास यायचा त्यात मला याचं उत्तर असल्यासारखं वाटायचं. घराने तेवढे दिवस श्वास धरून ठेवला होता, असं काहीतरी. पण ते घर निदान जागेवर असायचं. आता ज्या घराला मी कडी लावते ते कुलूप लागल्या क्षणापासून ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगाने माझ्या मागे यायला लागतं.

आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूला तेव्हा वजन येतं. बिऱ्हाडात वस्तूला जागा लागते, वजनाचा हिशेब आपण एरवी करत नाही. पुस्तकं पुस्तकांच्या कपाटात, हत्यारांची पेटी कोपऱ्यात, एवढं पुरतं. ट्रेलरमध्ये आधी विचारायचं, किती किलो, आणि लगेच पुढे विचारायचं, कुठे. या दोन्हींत दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे हे मला इथेच कळलं. उत्तर अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, यावा असं सांगतात. युरोपातल्या हलक्या, वेगळ्या घडणीच्या ट्रेलरांना ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास चालतं. भार याहून फार वाढला तर ओढणाऱ्या गाडीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि सुकाणूची पकड ढिली पडते. कमी पडला तर ट्रेलर मागून डोलायला लागतो, आणि ते सगळ्यात वाईट. शिवाय हिचवरचा हा भार ओढणाऱ्या गाडीच्या स्वतःच्या क्षमतेतून वजा होतो. माणसं, बॅगा, कुत्रं, पाण्याच्या बाटल्या आणि हा भार, सगळं एकाच खात्यात. गाडी अमुक इतकं ओढू शकते, हा जाहिरातीतला मोठा आकडा बघून लोक ट्रेलर घेतात. गाडी स्वतःच्या अंगावर किती वाहू शकते, हा दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवरचा लहान आकडा कुणी वाचत नाही. मला त्या लहान आकड्याबद्दल फार आदर आहे.

डोलणं म्हणजे काय ते दाखवणारा एक छोटा प्रयोग मी पुन्हापुन्हा बघत असते. फिरत्या पट्ट्यावर खेळण्यातली गाडी आणि तिच्यामागे ट्रेलर, ट्रेलरवर सरकवता येणारी वजनं. वजनं पुढच्या बाजूला असताना बोटाने ट्रेलरला टिचकी मारली की तो जरासा हलतो आणि पुन्हा सरळ चालायला लागतो. मग तीच वजनं मागे सरकवतात. टिचकीही तेवढीच. या वेळी ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा, आणि शेवटी पुढच्या गाडीला फिरवून उलटी टाकतो. एक ग्रॅमही वाढलेला नसतो. खऱ्या रस्त्यावर ती टिचकी म्हणजे शेजारून गेलेला मोठा ट्रक. तो जवळ येताना हवा ट्रेलरला बाहेर ढकलते, पुढे निघून जाताना आत ओढते. अशा वेळी वेग वाढवायचा नाही, सुकाणू झटक्याने फिरवायचं नाही, पॅडलवर पाय ठेवून जोरात ब्रेकही मारायचा नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा, सुकाणू सरळ धरायचं, आणि ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक असतील तर गाडीत पुढे बसवलेल्या त्यांच्या नियंत्रकाची कळ हाताने दाबून फक्त त्याचेच ब्रेक लावायचे, म्हणजे मागचं मागून ताणलं जाऊन ओळीत येतं. नवऱ्याने गाडी बंद असतानाही ती कळ न बघता सापडावी म्हणून हाताला सवय लावली आहे. गप्पा मारत बसलेलो असतो आणि त्याचा हात आपोआप तिकडे जाऊन येतो. ते बघून मला एकाच वेळी धीरही येतो आणि पोटात खड्डाही पडतो.

तर पुस्तकं. माझा हट्ट पुस्तकांचा. मागच्या भिंतीला, पलंगाच्या उशाशी एक सुरेख कप्पा आहे, पुस्तकांसाठीच केल्यासारखा. पण तो एक्सलपासून, म्हणजे चाकांच्या आसापासून, सगळ्यात लांब, म्हणजे तिथला प्रत्येक किलो मागून झुलायला मदत करणार. पुस्तकं आता जेवायच्या टेबलाखाली, एक्सलच्या जराशी पुढे, जमिनीलगत आहेत, आणि उशाशी उशा, टॉवेल, लोकरीचे कपडे आहेत. रात्री वाचायला पुस्तक हवं तर उठून टेबलाखाली वाकायचं. हत्यारांची पेटीही त्याच पट्ट्यात. वर, डोक्यावरच्या कपाटांत फक्त हलकं. मागच्या बंपरवर सायकली लटकवायचा विचार होता, तो सोडला. त्या गाडीच्या टपावर जातील.

पाण्यावरून आमचं अजून पूर्ण एकमत झालेलं नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा, आणि टाकी भरली की दीडशे किलो अंगावर. आमची टाकी एक्सलच्या थोडी पुढे आहे. ती भरली की हिचवरचा भार वाढतो, रिकामी झाली की घटतो, म्हणजे वाटेत नळ सोडला तरी तोल बदलतो. नवरा म्हणतो, मुक्कामी पाणी मिळणार आहे तर एवढं वजन कशाला ओढायचं. मला वाटतं, निर्जन पट्ट्यात टाकी भरलेलीच हवी. अर्धी भरलेली तर नकोच, कारण तेवढं पाणी आत हिंदकळतं आणि त्याचा धक्का वेगळाच लागतो. सध्याचा तह असा आहे: पुढच्या मुक्कामी पाणी नक्की असेल त्या टप्प्यात प्यायपुरतं बाटल्यांत, आणि नसेल तिथे टाकी काठोकाठ. काट्यावर त्या दिवशी आम्ही टाकी भरूनच गेलो होतो. जी सगळ्यात जड अवस्था, तीच मोजायची.

या प्रकारच्या प्रवासाची सुरुवात शोधत गेलं की १८८५ सालच्या 'वाँडरर'पाशी पोचतो. गॉर्डन स्टेबल्स हा नौदलातला डॉक्टर, पुढे लेखक झालेला. त्याने हौसेखातर राहायची गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून इंग्लंडमधल्या ट्वायफर्डपासून स्कॉटलंडमधल्या इनव्हरनेसपर्यंत नेली. त्याचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन रस्त्याचा अंदाज घ्यायचा. घोड्यांच्या चालीने जाणारं ते घर. त्यात राहणारा माणूस आणि त्याचं घर एकाच वेळी एकाच ठिकाणी असायचे. वेग वाढला आणि ही दोघं वेगळी झाली. १९५९ मध्ये वॉली बायम हा ट्रेलर बनवणाऱ्या एअरस्ट्रीम कंपनीचा संस्थापक केपटाऊनहून कैरोकडे चाळीसेक ट्रेलरांचा ताफा घेऊन निघाला. त्या ताफ्याचे चकचकीत ट्रेलर पिरॅमिडांसमोर उभे असलेले फोटो आहेत. लोक त्यात पिरॅमिड बघतात. मी बघते तेव्हा मनात येतं, एवढ्या आफ्रिकेतून आल्यावर या सगळ्यांनी दारं उघडली तेव्हा आत काय दिसलं असेल!

आत माणसं असताना हललेला ट्रेलरही एक आहे, आणि तो मला फार आवडतो. १९६९ च्या जुलैमध्ये अपोलो ११ चे तिघे अंतराळवीर चंद्रावरून परत आले तेव्हा त्यांच्यासोबत काही रोगजंतू आले असतील या भीतीने त्यांना 'हॉर्नेट' जहाजावर, बदल केलेल्या, चाकं नसलेल्या एअरस्ट्रीम ट्रेलरमध्ये ठेवलं. सोबत एक डॉक्टर आणि एक अभियंता. आतली हवा बाहेर निसटू नये म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला. राष्ट्राध्यक्ष निक्सन त्याच्या खिडकीसमोर उभे राहून त्यांच्याशी बोलले. मग तो ट्रेलर जहाजावरून हवाईला उतरला, विमानात चढवून ह्यूस्टनला नेला, आणि पाचही जण सगळा वेळ आतच. चंद्राइतकं दूर जाऊन आलेली माणसं शेवटचा टप्पा आपल्यासारख्याच एका लहानशा खोलीत बसून, हलत, पार करत होती. आत कुणी आहे का, या प्रश्नाला तेव्हा हो म्हणता आलं असतं.

आमच्याकडे उत्तर 'नाही' हेच असणार. म्हणून मी आत जाऊन बसते तेव्हा, ट्रेलर अंगणात जागेवर उभा असताना, डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न करते. खड्डा आला तर आधी काय वाजेल? डोक्यावरच्या कपाटाचं दार. त्याला आता जोराने ओढल्याशिवाय न उघडणारी कडी बसवली आहे. कप एकमेकांना लागतील, म्हणून मध्ये कापडी घड्या. न्हाणीघराचं सरकतं दार पट्ट्याने बांधायचं. टेबल खाली करून ठेवायचं. छतावरची झडप बंद, खिडक्यांचे खटके आतून दाबून बघायचे, पाण्याचा पंप बंद. हे मी एकामागून एक करत जाते तेव्हा माझ्या पावलांचा आवाज आत घुमतो आणि मला आईची ती फेरी ऐकू येते. तिच्याकडे कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. माझ्याकडे आहे, आणि मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचते. पाठ झालं तरी वाचायचं, असं आम्ही ठरवलं आहे, कारण पाठ झालेल्या गोष्टी तोंडाने म्हणता येतात आणि हाताने राहून जातात.

गॅसचं मात्र मला अजून दडपण आहे. प्रोपेन हवेपेक्षा जड. गळला तर तो खाली उतरतो आणि जमिनीलगत साचतो. म्हणून त्याची सूचना देणारं यंत्र जमिनीजवळ बसवतात आणि तळाला हवेची भोकं असतात, ती कधी बुजवायची नाहीत. घरात गळला तर कुणालातरी वास येतो. इथे तो वास घ्यायला आत नाकच नाही. त्यामुळे निघताना सिलिंडरची झडप बंद, यात आमच्यात चर्चा होत नाही. आमच्या वाटेत उंचीवरचे थंड मुक्काम आहेत. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो, म्हणून सिलिंडर प्रोपेनचेच घेतले. फ्रीज वाटेत बॅटरीच्या विजेवर चालेल आणि मुक्कामी गॅसवर. त्या फ्रीजवर माझा जीव आहे. उष्णता देऊन थंडी करणारा हा प्रकार १९२२ मध्ये स्टॉकहोममधल्या बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधून काढला. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन फिरतात, पण हलणारा यांत्रिक भाग एकही नाही, म्हणून त्याचा आवाजही नाही. फक्त ट्रेलर उभा केल्यावर तो समतल हवा. कलता राहिला तर द्रव खाली उतरत नाही आणि गारवा थांबतो. मुक्कामी पोचल्यावर चाकांखाली फळ्या सरकवत, पाणसळीतला बुडबुडा बघत आम्ही जी खटपट करतो, ती आमच्या झोपेसाठी कमी आणि त्या फ्रीजसाठी जास्त.

टायरांवर विश्वास ठेवायला मला वेळ लागला. ट्रेलरचे टायर झिजून जाण्याआधी वयानेच जातात. वर्षातले कितीतरी महिने उन्हात एकाच जागी उभं राहून रबर वाळतं, बाजूला बारीक चिरा पडतात, आणि वरची नक्षी नव्यासारखी दिसत राहते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनला. पाच-सहा वर्षांपुढचा टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नये. आमचे त्या वयाला आले होते. दिसायला देखणे होते, पण बदलले. नवे बसवल्यावर चाकांचे नट ठरलेल्या ताकदीने आवळायचे आणि पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर थांबून पुन्हा तपासायचे. धातू बसत जातो, नट सैल होतात. हवेचा दाब पहाटे, टायर थंड असताना. प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मध्याजवळ तापमान बघायचं. चारांपैकी एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर आत बेअरिंग तक्रार करतंय. बेअरिंगांना नवं ग्रीस भरून झालं आहे. ते भरताना नवऱ्याच्या कोपरापर्यंतच्या काळ्या हातांना येणारा वास नंतर कितीतरी वेळ घरात रेंगाळत होता, आणि मला तो आवडला.

जोडणी हा आमच्या दोघांचा कार्यक्रम. तो गाडी मागे घेतो, मी हिचपाशी उभी राहून हाताने दाखवते. ट्रेलर मागे घेताना सुकाणू उलटं वागतं, पण ते खालच्या बाजूने धरलं की हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलर वळतो. हे कळल्यापासून त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरला आहे. आमचे शब्दही ठरले आहेत. 'डावीकडे' म्हणजे ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे. 'थांब' म्हणजे थांब, त्यावर प्रश्न नाही. मी त्याला आरशात दिसले पाहिजे, दिसेनाशी झाले की त्याने थांबायचं. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा कपलर हिचवरच्या गोळ्यावर, बॉलवर, टेकला की मी खाली वाकून कुलूप बसलं का बघते, मग जॅकने जरा वर उचलून गाडीही सोबत उठते का ते बघतो. साखळ्या हिचखाली फुलीसारख्या एकमेकींवरून घ्यायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर तो रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडेल. दिव्यांची वायर. आणि शेवटी ती बारीक तार. तिचं एक टोक गाडीला, दुसरं ट्रेलरवरच्या एका खिळीला. सगळं सुटलं, साखळ्याही तुटल्या, तर ती तार खिळी उपसून काढते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचे ब्रेक लावून थांबतो. रिकामं घर, आपल्यापासून तुटलेलं, आणि तरी त्याला थांबता येतं. या सगळ्या जुळणीत मला सगळ्यात जवळची वाटते ती ही तार. ती ताणलेली नको आणि लोंबून रस्त्यावर घासतही नको. हे बघायचं काम मी माझ्याकडे ठेवलं आहे.

एका जवळच्या मैत्रिणीने परवा विचारलं, एवढं सगळं करायचं तर हॉटेलात का राहत नाही? तिचा प्रश्न मनापासून होता. मी तिला सांगितलं, मुक्कामी पोचल्यावर खिडकीबाहेर रोज वेगळं जग आणि आत तीच उशी, तोच दिवा, हे मला हवं आहे. ते खरंच आहे. त्यापलीकडचं मात्र तिला सांगता आलं नाही. या तयारीने मला माझ्या घराकडे मी नसतानाच्या बाजूने बघायला लावलं आहे. कोणती वस्तू कशाला टेकली आहे, कशाचं वजन कुणावर आहे, मी पाठ फिरवल्यावर काय पडेल. भीती गेलेली नाही. पण ती आता अंधारातली भीती राहिलेली नाही. तिला नावं आहेत, जागा आहेत, आणि बहुतेकींवर पट्टा बांधलेला आहे.

पहिल्या दिवसाचा टप्पा मुद्दाम लहान ठेवला आहे, उजेड असताना पोचता येईल एवढाच. सलग जोराने जाऊन लांब पोचायचा मोह नवऱ्याला होता, माझ्या आग्रहाने तो मागे पडला. नट तपासायला थांबू तेव्हा तो चाकांकडे जाईल आणि मी दार उघडून आत जाईन. काहीतरी पडलेलं असणार, एखादा खटका निघालेला असणार, पुस्तकं टेबलाखालून सरकून वाटेत आलेली असणार. जे सरकलं असेल त्याची जागा तिथेच, रस्त्याच्या कडेला, बदलायची, आणि यादीत एक ओळ वाढवायची. यादीच्या शेवटी त्यासाठी अर्धं पान कोरं ठेवलं आहे.